पाटी झाकली म्हणजे कुलूप लागले का?

दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका आणि अमरावती जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी एकाच सकाळी आपापल्या संगणकासमोर बसले आहेत, अशी कल्पना करू. दोघेही एकाच संकेतस्थळाचा पत्ता टाइप करतात. दोघांनाही आधी तेच पान दिसते : नाव आणि पासवर्ड भरायचे दोन रकाने. रकाने भरून कळ दाबली की मात्र दोघांचे पडदे वेगळे होतात. बाईंच्या पडद्यावर ‘नवीन विद्यार्थ्याची नोंद’, ‘वर्गवार यादी’, ‘दुसऱ्या शाळेची मागणी’ असे दुवे येतात. साहेबांच्या पडद्यावर यांतले काहीच नसते. तिथे तालुकावार गोषवारे आणि अहवाल असतात. पत्ता एक, पण पडद्यावरची वाट ज्याची त्याला वेगळी.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. शालेय शिक्षण विभागाने २०१५ साली ‘सरल’ प्रणाली सुरू केली, तेव्हापासून शाळेचे लॉगिन, केंद्रप्रमुखाचे लॉगिन, गटशिक्षणाधिकाऱ्याचे लॉगिन हे शब्द शाळाशाळांतून ऐकू येतात. पुढे केंद्र शासनाच्या ‘यू-डायस प्लस’मध्येही शाळा, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या आल्या. रोजच्या वापरात आपण एवढेच म्हणतो की, “ते आपल्या लॉगिनला दिसत नाही.” पण जे दिसत नाही ते खरोखर बंद असते का? आणि कोणाला काय दिसावे, हे यंत्राला कळते तरी कसे?

आतल्या लोकांचे जाळे

कचेरीतल्या, बँकेतल्या किंवा विद्यापीठातल्या लोकांपुरत्या मर्यादित असलेल्या संगणकजाळ्याला इंट्रानेट म्हणतात. हा शब्द १९९०च्या दशकाच्या मध्याला रूढ झाला. तंत्र इंटरनेटचेच, तीच पाने आणि तेच दुवे. फरक इतकाच की बाहेरच्याला आत प्रवेश नाही. काटेकोरपणे पाहिले तर सरल किंवा यू-डायस प्लस ही इंट्रानेट नव्हेत, कारण ती सार्वजनिक इंटरनेटवरूनच उघडतात. पण पासवर्डच्या आतली त्यांची रचना इंट्रानेटसारखीच असते : एक मोठी संस्था, तिच्यात अनेक पदे आणि प्रत्येक पदाचे काम वेगळे.

शाळेच्या कार्यालयातल्या कपाटाचा विचार करा. हजेरीपट वर्गशिक्षक रोज हाताळतात. दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते. सेवापुस्तक प्रत्येकाचे असते, पण एकमेकांचे सेवापुस्तक कोणी चाळत बसत नाही. कपाट एक असले तरी कोणी काय उघडावे याचा शिरस्ता ठरलेला असतो. संगणकाला हा शिरस्ता आपोआप समजत नाही. तो अक्षर न् अक्षर लिहून द्यावा लागतो.

पाचशे माणसे, चाळीस दुवे

हा शिरस्ता लिहिण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे एक मोठा तक्ता. आडव्या ओळीत माणसे, उभ्या रकान्यात दुवे आणि प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’. बटलर लॅम्पसन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७१ साली संगणकातल्या संरक्षणाचा विचार अशाच तक्त्याच्या रूपात मांडला होता.

समजा, एका व्यवस्थेत ५०० माणसे आणि ४० दुवे आहेत. तक्त्यात ५०० × ४० = २०,००० चौकटी झाल्या. एका शिक्षिकेची अकोटहून तेल्हाऱ्याला बदली झाली की तिच्या चाळीसही चौकटी पुन्हा तपासायच्या. एखादी चौकट चुकली तर कोणाच्या लक्षातही यायचे नाही.

आता माणूस आणि दुवा यांच्यामध्ये ‘पद’ आणून ठेवू. शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशी पाच पदे घेतली, तर पद आणि दुवा यांच्या ५ × ४० = २०० चौकटी भराव्या लागतील. शिवाय प्रत्येक माणसाचे पद कोणते, याच्या ५०० नोंदी. एकूण ७००. वीस हजारांचे काम सातशेत झाले. आणि कोणाला बढती मिळाली तर एकच नोंद बदलायची. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील दोघा संशोधकांनी १९९२ साली ही पद्धत नीट सूत्रबद्ध केली. अधिकार माणसाला द्यायचा नाही, पदाला द्यायचा; माणूस त्या पदावर असेपर्यंत तो त्याच्याकडे राहतो. आपल्या सरकारी कारभाराला ही गोष्ट परकी नाही. खुर्ची सोडली की शिक्काही तिथेच ठेवायचा असतो.

पदाला जागेची जोड

पण नुसत्या पदाने भागत नाही. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि अकोला जिल्ह्यात ७. दर्यापूरचे गटशिक्षणाधिकारी आणि मूर्तिजापूरचे गटशिक्षणाधिकारी यांचे पद एकच, दुवेही तेच. पण त्या दुव्यांमागची माहिती वेगळी हवी. म्हणजे प्रत्येक नोंदीत पद आणि जागा अशी जोडी लागते.

जागा ओळखायला शाळांच्या बाबतीत एक सोयीची खूण आहे, ती म्हणजे यू-डायस क्रमांक. त्याचे ११ अंक असे फुटतात : पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यानंतरचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा आकडा २७, अकोल्याचा ०५ आणि अमरावतीचा ०७. म्हणून अकोला जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७०५ने सुरू होतात आणि अमरावतीचे २७०७ने. पहिले चार अंक जुळले तर जिल्हा तोच, सहा जुळले तर तालुका तोच आणि सगळे अकरा जुळले तर शाळा तीच. कोणाच्या कक्षेत कोणती शाळा येते, हे नुसत्या अंकांच्या तुलनेने ठरवता येते. केंद्राचे मात्र तसे नाही. कोणत्या केंद्रात कोणत्या शाळा, याची वेगळी यादी ठेवावी लागते.

जिल्हे आणि तालुकेही कायमचे नसतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके काढून वाशीम जिल्हा झाला. तेव्हा शाळांच्या हाती अशी संगणक-व्यवस्था नव्हती. पण असती, आणि परवानग्या माणसागणिक लिहिलेल्या असत्या, तर हजारो नोंदी खोडाव्या लागल्या असत्या. पद आणि जागा वेगळी लिहिलेली असती, तर सहा तालुक्यांसमोर ‘जिल्हा : अकोला’च्या जागी ‘जिल्हा : वाशीम’ लिहून काम भागले असते. पदांना धक्का लागला नसता.

शून्य आणि एकचा हिशेब

दुवा दाखवायचा की नाही, हे यंत्र कसे ठरवते? एक सोपी रीत वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवता येईल. पाच पदांना १, २, ४, ८, १६ असे आकडे द्या. शिक्षक १, मुख्याध्यापक २, केंद्रप्रमुख ४, गटशिक्षणाधिकारी ८, शिक्षणाधिकारी १६. द्विमान पद्धतीत हे आकडे ००००१, ०००१०, ००१००, ०१०००, १०००० असे दिसतात. प्रत्येक पदाचा ‘१’ स्वतःच्या घरात बसतो.

आता प्रत्येक दुव्यालाही आकडा द्यायचा. ‘केंद्राचा गोषवारा’ हा दुवा केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांनी पाहावा असे ठरले, तर त्याचा आकडा ४ + ८ + १६ = २८, म्हणजेच १११००. एखाद्या मुख्याध्यापिकेकडे केंद्रप्रमुखपदाचा प्रभार आहे; तिचा आकडा २ + ४ = ६, म्हणजे ००११०. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ मांडा :

१११००
००११०
उत्तर : ००१००

उत्तर शून्य नाही, म्हणून दुवा दाखवायचा. शिक्षकाचा आकडा ००००१ घेऊन हेच केले तर उत्तर ०००००. दुवा दाखवायचा नाही. पडद्यावर दुव्यांची यादी उमटण्याआधी यंत्र प्रत्येक दुव्यासाठी असा एखादा हिशेब करते. माणसाला ज्याला वेळ लागेल, ते त्याला क्षणार्धाचेही काम नाही.

पण या उदाहरणात एक खाच आहे. प्रभारी बाईंचा आकडा ६ झाला खरा, पण मुख्याध्यापिका म्हणून त्यांची कक्षा एक शाळा आहे आणि केंद्रप्रमुख म्हणून अख्खे केंद्र. दोन पदांची बेरीज करताना जागांचीही बेरीज होऊन गेली, तर केंद्रातल्या प्रत्येक शाळेत नावे घालण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्यांना मिळून जाईल. तो त्यांनी मागितलेला नाही आणि त्यांना द्यायचाही नव्हता. म्हणून ‘मुख्याध्यापक : ही शाळा’ आणि ‘केंद्रप्रमुख : हे केंद्र’ अशा दोन जोड्या सुट्याच ठेवाव्या लागतात. वाईट हेतू कोणाचाच नसताना नको तो अधिकार नको त्या हाती जातो, तो अशा बेरजांतून.

पाटी आणि कुलूप

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. दुवा म्हणजे खोलीकडे जाणारी वाट दाखवणारी पाटी. पाटी काढली म्हणून खोली नाहीशी होत नाही. ज्याला खोलीचा पत्ता ठाऊक आहे, तो पाटीवाचूनही तिथे पोचतो.

वेबवर प्रत्येक पानाला पत्ता असतो आणि तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लिहिलेला दिसतो. समजा, एका विद्यार्थ्याची माहिती उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी १०४१ हा आकडा आहे. कोणी तो खोडून १०४२ केला तर काय होईल? दुसऱ्या मुलाची माहिती दाखवणारा दुवा त्याच्या पडद्यावर नव्हताच. पण पत्ता मात्र सर्व्हरकडे पोचला. सर्व्हर म्हणजे पाने साठवून ठेवणारा आणि मागणीप्रमाणे देणारा मुख्य संगणक. त्याने पान देण्याआधी मागणाऱ्याचे पद आणि जागा तपासली नाही, तर तो पान देऊन मोकळा होतो.

असे घडलेले आहे. अमेरिकेत घर-जमिनीच्या व्यवहारांशी संबंधित ‘फर्स्ट अमेरिकन’ नावाची मोठी कंपनी आहे. २०१९च्या मे महिन्यात उघड झाले की तिच्या संकेतस्थळावरील एका कागदपत्राच्या दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्याच ग्राहकाचे कागदपत्र उघडते. पासवर्डही लागत नव्हता. सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे या रीतीने उघडी पडली होती. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक होते, करांचे कागद होते. कुलूप फोडायची गरजच नव्हती, कारण ते लावलेलेच नव्हते. वेबच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या ना-नफा संस्थेने २०२१ साली सर्वांत गंभीर धोक्यांची यादी केली, तेव्हा परवानगीच्या तपासणीतली ही ढिलाई पहिल्या क्रमांकावर होती.

यावरचा उपाय जुनाच आहे. जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली लिहिलेल्या एका निबंधात संरक्षणाची काही तत्त्वे सांगितली. त्यांतली तीन आपल्या कामाची आहेत. एक, प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासा. मघाशी तपासली होती म्हणून आता सोडू नका. दोन, परवानगी स्पष्ट लिहिलेली नसेल तर उत्तर ‘नाही’ समजा. तीन, ज्याला कामापुरते जेवढे लागते तेवढेच द्या.

पहिले तत्त्व वेबवर विशेष महत्त्वाचे ठरते, कारण सर्व्हरची स्मरणशक्ती फार तोकडी. एक पान दिले की मागणाऱ्याला तो विसरतो. म्हणून लॉगिन करताना तो आपल्या ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न करता येणारा आकडा देतो. बँकेत खिडकीवर मिळणाऱ्या टोकनासारखा हा असतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ते टोकन दाखवतो. सर्व्हरने टोकनावरून माणूस ओळखायचा, माणसावरून पद आणि जागा काढायची, मगच पान द्यायचे. दुव्यांची यादी करताना केलेला हिशेब पान देताना पुन्हा करायचा. पहिला हिशेब सोयीसाठी, दुसरा सुरक्षेसाठी.

मग पाट्या झाकायच्याच कशाला?

कुलूप वेगळेच असेल, तर सगळे दुवे सगळ्यांना दाखवले तर काय बिघडले? बिघडते ते वापरणाऱ्याचे. चाळीस दुव्यांतून आपल्या कामाचे सहा शोधताना वेळ जातो आणि चूकही होते. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या शाळेत मोबाइलची रेंज येते-जाते. तिथे नको असलेले प्रत्येक पान उघडणे म्हणजे पुन्हा वाट पाहणे. आपल्या कामाचेच दुवे समोर असणे ही मोठी सोय आहे.

या सोयीला दुसरी बाजूही आहे. दुवा अजिबात दिसत नसेल, तर अशी काही सोय आहे हेच माणसाला कळत नाही. एखाद्या मुलाची नोंद जुन्या शाळेकडून सुटत नाही आणि ती कोणाच्या लॉगिनवरून सुटेल हे नव्या शाळेला ठाऊक नाही, अशा वेळी दुवा फिकट करून दाखवावा आणि पुढे ‘हे काम केंद्रप्रमुखांकडे आहे’ असे लिहावे. जे मुळात सर्वांसाठी आहे, ते तर झाकूच नये. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली कितीतरी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. शाळेची पटसंख्या ही झाकण्याची गोष्ट नाही. एखाद्या मुलीचा आधार क्रमांक ही मात्र आहे.

एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे

काही कामांत नुसते ‘कोणाला दिसावे’ एवढे पुरत नाही. जमिनीचा फेरफार घ्या. जुन्या वऱ्हाडातले पटवारी, म्हणजे पुढचे तलाठी, फेरफाराची नोंद करतात. ती प्रमाणित करतात मंडळ अधिकारी. महाराष्ट्राच्या ‘ई-फेरफार’ प्रणालीतही हीच विभागणी ठेवली आहे. ज्याने नोंद लिहिली, त्यानेच ती मंजूर करायची नाही. मधल्या काळात संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. शाळा बदलणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही नवी शाळा मागणी करते आणि जुनी शाळा ती मान्य करते. एकाच लॉगिनवर दोन्ही दुवे असते, तर मुले कागदोपत्री कुठूनही कुठेही हलवता आली असती. पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरतात, हे वाचकांना सांगायला नको.

उसना पासवर्ड

आतापर्यंतची सगळी बांधणी एका गृहीतावर उभी आहे : मुख्याध्यापकाचे नाव आणि पासवर्ड टाकणारी व्यक्ती मुख्याध्यापकच आहे. शेवटची तारीख जवळ येते, सर्व्हर हळू चालतो आणि मग पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून गावातल्या संगणक केंद्रात दिला जातो. त्या क्षणी पद, जागा, द्विमान आकडे, टोकन हे सगळे निरुपयोगी होते. सर्व्हरच्या लेखी तिथे बसलेला मुलगा म्हणजे तुम्हीच. त्याने केलेली प्रत्येक नोंद तुमच्या नावावर जमा होते. आणि त्याच्यासमोर असते शाळेतल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकांचा फोन, कोणाला कोणते अपंगत्व आहे याची नोंद. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीबाबत जास्त काळजी घ्यायला सांगितले आहे. ही मुले स्वतःची माहिती सांभाळू शकत नाहीत. त्यांच्या वतीने ती सांभाळण्यासाठीच शाळेला ते लॉगिन दिलेले असते.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यावा लागलाच, तर शेजारी बसून काम करून घ्यावे आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. प्रभार देताना रजिस्टरांबरोबर पासवर्डही बदलून द्यावा. आणि काम संपल्यावर नुसती खिडकी बंद न करता ‘लॉग आउट’ करावे, कारण टोकन रद्द होते ते त्यानेच. नाहीतर पुढचा माणूस त्याच टोकनावर आत जाऊ शकतो.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. वर्गातल्या कपाटाची, ग्रंथालयाची आणि शाळेच्या कार्यालयाची मिळून दहा कामे फळ्यावर लिहा : पुस्तक घेणे, नवे पुस्तक नोंदवणे, हजेरी मांडणे, गुण पाहणे, गुण बदलणे इत्यादी. विद्यार्थी, वर्गप्रमुख, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना १, २, ४, ८ हे आकडे द्या आणि प्रत्येक कामाचा आकडा मुलांकडून ठरवून घ्या. मग विचारा : स्वतःचे गुण पाहण्याचा अधिकार विद्यार्थ्याला आहे, पण शेजाऱ्याचे गुण पाहण्याचा आहे का? पद तेच असून उत्तर का बदलले? गुण लिहिणारा आणि तपासणारा एकच असावा का? वादावादी होईल. ती होऊ द्या. कोणाला काय दिसावे हे यंत्र ठरवत नाही. ते आधी माणसांना आपसात ठरवावे लागते, हे त्या वादातूनच मुलांना उमजेल.